आधी मुलगी, मग कागद: इचलकरंजीच्या काकांना उत्तर

काका, नमस्कार.

तुमची प्रतिक्रिया मंगळवारी रात्री वाचली. दोन दिवस उत्तर लिहायला हात धजावला नाही. एका ओळीत उत्तर देऊन मोकळं होण्यासारखं तुम्ही लिहिलेलं नाही, म्हणून स्वतंत्र लिहिते आहे.

बाकीच्या वाचकांसाठी आधी थोडक्यात. मागच्या आठवड्यात मी प्रौढ दिव्यांगांच्या निवासी संस्थांसाठी प्रवेशाबद्दल लिहिलं होतं. त्यात एक वाक्य होतं: ‘१८ वर्षांवरील कोणालाही युडीआयडी कार्ड, पालकत्वाचा आदेश आणि निरामय कार्ड या तिन्हींशिवाय प्रवेश देऊ नका.’ (युडीआयडी म्हणजे दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र, निरामय म्हणजे त्यांचा आरोग्य विमा. पालकत्वाच्या आदेशाचं पुढं सांगते.) त्यावर काकांनी लिहिलं:

‘ताई, दोन वर्षं तुमचं वाचतोय. नवा जीआर आला, नवा फॉर्म आला, की तुम्ही संस्थांना कळवता. पण या एका वाक्यानं माझ्यासारख्याच्या तोंडावर दार लागतंय. मुलगी ३१ वर्षांची, सेरेब्रल पाल्सी. बसवलं तर बसते. तीन संस्थांनी नाही म्हटलं. एकीनं विचारलं, शी-शूचं कळतं का. दुसरीनं पालकत्वाचा आदेश मागितला. तिसरीनं फोन उचलायचंच सोडलं. सायझिंगमध्ये ३६ वर्षं काढली, आता गुडघे गेलेत, तिला उचलवत नाही. पुतण्या अमेरिकेत मिनेसोटात आहे. तिथं सरकार घरी माणूस पाठवतंय म्हणतो. आणि तुम्ही इथं संस्थांना नाही म्हणायला शिकवताय.’

काका, ते वाक्य चुकलं. मी ते बदललं आहे. कसं बदललं ते पुढं सांगते. पण ते माझ्या हातून का लिहिलं गेलं, हे तुम्हाला कळायला हवं, कारण त्या तीन कागदांपैकी एकही मी सोडायला तयार नाही.

मी ज्या निवासी संस्थेत काम करते तिथं चाळिशीतला एकजण होता. आई गेल्यावर चुलत्यानं आणून सोडला, पिशवीत दोन पँट, तीन शर्ट आणि आईचा फोटो. कागद एकही नव्हता. आम्ही ठेवून घेतलं. तीन महिन्यांनी न्हाणीत पाय घसरला आणि खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन करायचं तर संमतीची सही कुणाची? चुलता म्हणाला, मी जबाबदारी घेणार नाही. मी अधीक्षिका, पण कायद्यानं त्याची कोणीच नव्हते. जीवघेणं नाही म्हणून डॉक्टर थांबले. आईनं त्याच्या नावावर ठेवलेली रक्कम बँकेत होती, तीही काढता येईना. तो अकरा दिवस पाय बांधून पडून होता. त्याला बोलता येत नव्हतं, फक्त कूस बदलताना तो माझ्या मनगटाला घट्ट धरायचा. पाठीला जखम व्हायला लागली तेव्हा कुठं सह्यांचं गाडं हललं.

मुलगा किंवा मुलगी १८ वर्षांची झाली की कायद्याच्या नजरेत आईवडील आपोआप पालक राहत नाहीत. हे पुष्कळ घरांत माहीतच नसतं, कारण घरात काही बदलत नाही, आंघोळ तीच, भरवणं तेच. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी (मेंदूच्या इजेमुळं हालचालींवर ताबा न राहणं), बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता असलेल्या प्रौढांसाठी स्थानिक स्तर समिती पालक नेमते. समितीत जिल्हाधिकारी किंवा त्या दर्जाचा अधिकारी, एका नोंदणीकृत संस्थेचा प्रतिनिधी आणि एक दिव्यांग व्यक्ती असते. समितीनं तीन महिन्यांतून किमान एकदा बसावं असं कायदा सांगतो. नेमलेल्या पालकाला सहा महिन्यांत मुलीच्या नावच्या मालमत्तेची यादी द्यावी लागते, आणि दर आर्थिक वर्ष संपल्यावर तीन महिन्यांत हिशोब. पालक दुर्लक्ष करतोय असं दिसलं तर नातेवाईक किंवा संस्था त्याला काढण्याची मागणी करू शकतात. तुमच्यानंतर तुमच्या मुलीच्या पैशाला हात लावणाऱ्याला कुणापुढं तरी उत्तर द्यावं लागेल, ही सोय याच कागदात आहे. म्हणून मी त्याच्यासाठी भांडते.

एक गोष्ट मात्र मी तेव्हा लिहायला हवी होती आणि राहिली. या अर्जासाठी तुम्ही एकट्यानं नागाळा पार्कातल्या कलेक्टर ऑफिसचे खेटे मारायची गरज नाही. नोंदणीकृत संस्थेलाही हा अर्ज करता येतो. म्हणजे ज्या संस्थेनं तुमच्याकडं आदेश मागितला, तिनं स्वतः फॉर्म काढून तुमच्या शेजारी बसून भरायला हवा होता. गुडघे गेलेल्या माणसाला ‘आदेश घेऊन या’ म्हणून परत पाठवणं चूक आहे, आणि माझ्या वाक्यानं त्या चुकीला आधार मिळाला.

आता त्याहून अवघड गोष्ट. मीही एकदा असंच एका आईला परत पाठवलं आहे. २०१७ सालची गोष्ट. गडहिंग्लजकडून आली होती, मुलगा २४ वर्षांचा, पूर्ण अंथरुणाला. मी तिला म्हटलं, पालकत्वाचा आदेश आणा, मग बघू. ती परत आली नाही. काका, मी तिला खरं कारण सांगितलं नव्हतं. आमच्याकडे रात्री १८ जणांमागे एक मावशी होती. अंथरुणाला खिळलेल्याला दर दोन तासांनी कुशीवर वळवावं लागतं, डायपर बदलावा लागतो, भरवायला अर्धा-पाऊण तास लागतो. ती एकटी मावशी ते करू शकली नसती. हात कमी होते आणि मी कागद मागितला. तुमच्या तीन संस्थांपैकी किमान दोघींचं असंच झालं असावं असं मला वाटतं. शी-शूचा प्रश्नही त्याच पोटातला आहे. ‘आमच्याकडे माणसं नाहीत’ हे वाक्य जीभेवर येत नाही, म्हणून मग मुलीतच उणं शोधलं जातं.

म्हणून संस्थाचालकांना माझी यापुढची मागणी वेगळी आहे. नाही म्हणायचं असेल तर लेखी म्हणा. तारीख, नाव, आणि खरं कारण: रात्रीची माणसं कमी, उचलायला पुरुष मदतनीस नाही, फिजिओथेरपिस्ट आठवड्यातून एकदाच येतो, जे असेल ते. एक प्रत पालकांना, एक जिल्हा परिषदेच्या समाजकल्याण विभागाला. आज जिल्ह्यात किती प्रौढांना दारातून परत पाठवलं हे कुणाच्याच दप्तरात नाही, कारण सगळे नकार फोनवर होतात. अनुदानाची मागणी करताना आम्ही ‘गरज मोठी आहे’ एवढंच लिहितो. त्याजागी नकारांचा गठ्ठा जोडता आला तर अधिकाऱ्याला ते बाजूला सारणं कठीण जाईल.

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ मध्ये तुमच्या मुलीसाठी एक कलम आहे, ज्याच्याविषयी आम्ही संस्थावाले फारसं बोलत नाही. कलम ३८. ज्याला मोठ्या प्रमाणावर आधाराची गरज आहे, त्याच्या वतीनं कोणीही व्यक्ती किंवा संस्था तशी मागणी करू शकते, आणि मग एक मंडळ त्याची गरज तपासतं. दिव्यांगत्वाची टक्केवारी तपासणं निराळं. युडीआयडीवर आता रंग आलेत: ४० टक्क्यांखाली पांढरा, ४० ते ८० पिवळा, ८० आणि वर निळा. पण निळं कार्ड बघून तिला भरवायला किती वेळ लागतो हे कळत नाही. ३८ व्या कलमात तो प्रश्न विचारायला जागा आहे. त्याच कायद्याच्या २४ व्या कलमात अशा व्यक्तींसाठी मदतनीस भत्त्याचाही उल्लेख आहे. आमच्याकडच्या एकाही घरात तो आलेला मी पाहिलेला नाही. संजय गांधी निराधारची रक्कम दिव्यांगांसाठी १५०० वरून २५०० झाली, चांगलं झालं, पण तुमच्यासारख्या घरात ती डायपर आणि फिटच्या गोळ्यांतच संपते हे मला माहीत आहे.

कोल्हापूरला या कामाचा अभिमान आहे आणि तो खरा आहे. नसीमा हुरजूक यांनी स्वतः चाकाच्या खुर्चीत बसून १९८४ मध्ये ‘हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड’ उभी केली, आणि ज्यांना शाळेच्या पायऱ्या चढता येत नव्हत्या अशी पोरं शिकून नोकरीला लागली. पण ज्याला घास भरवावा लागतो, जो कधी नोकरीला लागणार नाही, आणि ज्याचं विशेष शाळेचं वय उलटून गेलं आहे, त्याच्यासाठी या जिल्ह्यात आपण पुरेसं केलेलं नाही. ही उणीव आम्हा संस्थावाल्यांचीही आहे.

मिनेसोटाबद्दल. तुमचा पुतण्या बरोबर सांगतो, फक्त त्याचा अर्धा भाग सांगतो. अमेरिकेत मेडिकेड ही गरीब आणि दिव्यांगांसाठीची सरकारी आरोग्य योजना १९६५ पासून आहे, पण दीर्घकाळच्या काळजीचा पैसा आधी मुख्यतः नर्सिंग होम आणि संस्थांना जायचा. १९८१ मध्ये कायदा बदलला आणि राज्यांना तोच पैसा घरच्या सेवेवर खर्च करायची मुभा मिळाली. १९९९ मध्ये ऑल्मस्टेड खटल्यात त्यांच्या सर्वोच्च न्यायालयानं म्हटलं की वस्तीत राहू शकणाऱ्याला विनाकारण संस्थेत ठेवणं हा भेदभाव आहे. मिनेसोटात ऑक्टोबर २०२४ पासून घरच्या मदतीची जुनी योजना टप्प्याटप्प्यानं नव्या योजनेत न्यायला सुरुवात झाली. तिच्यात अल्पवयीन मुलाचे आईवडील आणि नवरा-बायकोसुद्धा पगारी मदतनीस होऊ शकतात. आपल्याकडे आईनं ३१ वर्षं उचललं त्याला ‘माया’ म्हणतात आणि तिथंच विषय संपतो. तिथं निदान त्या कष्टाचे तास मोजायला सुरुवात झाली.

पण कागद तिथं आपल्यापेक्षा जास्त आहे. २०१६ च्या एका केंद्रीय कायद्यानं मेडिकेडच्या पैशातून घरी दिल्या जाणाऱ्या मदतीची इलेक्ट्रॉनिक नोंद सक्तीची केली: कोणती सेवा, कुणाला, कोणत्या दिवशी, कुठं, कुणी दिली, किती वाजता सुरू आणि किती वाजता बंद. सेवा देणाऱ्या संस्थांना ते नियम सतत कळवले जातात, जसं मी इथं कळवते. कितीतरी राज्यांत प्रतीक्षा याद्या वर्षानुवर्षांच्या आहेत. मला त्यातली एकच गोष्ट इथं हवी आहे. तिथं गरज तपासायला काउंटीचा, म्हणजे तिथल्या जिल्ह्याचा, माणूस येतो, आणि सेवेच्या नोंदीचं ओझं संस्थेवर असतं. बापाला गुडघे दुखत असताना सात टेबलांवर फाईल फिरवावी लागू नये, एवढं तर आपल्याला मिनेसोटाइतका पैसा नसतानाही करता येईल.

तुम्ही म्हणाल, या बाईला कागदाचं वेड आहे. ऑगस्ट २०१९ चं एक सांगते. पंचगंगा ४३ फुटांची धोक्याची पातळी ओलांडून कितीतरी वर गेली, शिरोलीजवळ हायवे बंद झाला, वीज नाही, नळाला पाणी नाही. आमच्या तळमजल्यावरच्या नऊ जणींना रात्री दुसऱ्या ठिकाणी हलवलं. तिथल्या मावश्या चांगल्या होत्या, मायेनं सगळ्यांना चहाबरोबर टोस्ट दिला. त्यातल्या एकीला कोरडं गिळता येत नाही, तिला सगळं कालवून, मान किंचित पुढं धरून द्यावं लागतं. तिला ठसका लागला, ओठ निळे पडले. एका स्वयंसेवकानं पाठीवर थापट्या दिल्या म्हणून ती आज आहे. तिला काय खायला चालतं हे आमच्या सरूबाई नावाच्या एकाच मावशीला माहीत होतं, आणि त्या पुराच्या पलीकडे अडकल्या होत्या.

तेव्हापासून आमच्याकडे प्रत्येकाच्या पलंगाशी, खिळ्याला, प्लास्टिकच्या पिशवीत एक पान असतं. कसं गिळते, कोणत्या कुशीवर झोपते, फिटची गोळी कोणती आणि किती वाजता, दुखलं तर कसं कळवते, कोणतं गाणं लावलं की शांत होते. त्याला सरकारी नमुना नाही. मी सांगते तो कागद म्हणजे मुख्यतः हाच. बाकीचे तीन त्याच्या मागून येतात.

निरामयचं मात्र आजच करा, काका. वर्षाला एक लाखापर्यंतचं आरोग्य विमा संरक्षण आहे, आधी वैद्यकीय तपासणी लागत नाही, वयाची अट नाही, थेरपीचा खर्चही त्यात येतो. दरवर्षी नूतनीकरण लागतं, ते विसरलं की सगळं थांबतं.

बदललेलं वाक्य आता असं आहे: ‘प्रवेश द्या. युडीआयडी, पालकत्व आणि निरामय यांतलं जे नसेल त्याचा अर्ज संस्थेनं स्वतः भरावा. प्रवेश देणं शक्य नसेल तर खरं कारण लेखी द्यावं.’ जुनं वाक्य खोडून खाली ठेवलं आहे, कुणी त्याचा हवाला देऊन आधीच नाही म्हटलं असेल तर दाखवता यावं म्हणून.

आमच्याकडे आज जागा नाही, हे मी तुम्हाला इथंच लेखी सांगते. कारण तेच: रात्री आता दोन मावश्या आहेत, पण अंथरुणाला खिळलेले सातजण आहेत आणि आठवं माणूस घेतलं तर कुणाला तरी वेळेवर कुशीवर वळवायचं राहून जाईल. तरी पालकत्वाचा अर्ज आणि कलम ३८ ची मागणी, दोन्ही आमच्या संस्थेकडून जातील. त्यासाठी मी आणि आमच्या समाजकार्यकर्त्या ताई रविवारी इचलकरंजीला तुमच्या घरी येतो, तुम्ही हलू नका. आधारकार्ड आणि दिव्यांगाचा जुना दाखला असेल तर काढून ठेवा, नसेल तर राहू द्या. काकूंना दुपारची वेळ द्यायला सांगा. तिला भरवतात कसं ते मला बघायचं आहे, म्हणजे पहिलं पान तिथंच लिहून होईल.