जैतापूरच्या खटल्यात जर्मनीची साक्ष

जैतापूरच्या प्रस्तावित अणुऊर्जा प्रकल्पाचा विषय निघाला की दोन्ही बाजू जर्मनीला साक्षीला बोलावतात. २०२५ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात २०४७ पर्यंत १०० गिगावॉट अणुऊर्जेचं उद्दिष्ट जाहीर झालं आणि आमच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर हा खटला पुन्हा उभा राहिला. रत्नागिरीचे काका म्हणतात, ‘जर्मनीने अणुभट्ट्या बंद केल्या, मग आमच्याच माथी का?’ पुण्याचा आतेभाऊ म्हणतो, ‘बंद केल्या आणि कोळसा जाळत बसले!’ मी जर्मनीत कोलोनला राहते, म्हणून निकाल मी द्यायचा.

साक्ष द्यायचीच तर पुरती देते. मार्च २०११ मध्ये जपानात फुकुशिमाचा अणुअपघात झाला आणि काही दिवसांतच मर्केल सरकारने सगळ्यांत जुन्या भट्ट्या थांबवल्या. पुढच्याच महिन्यात आपल्याकडे जैतापूरजवळच्या साखरी नाट्यात, प्रकल्पविरोधी आंदोलनावरच्या पोलिसांच्या गोळीबारात एक मच्छीमार गेला. जर्मनीतल्या शेवटच्या तीन भट्ट्या १५ एप्रिल २०२३ ला बंद झाल्या. रशियाचा गॅस आटला म्हणून त्यांना साडेतीन महिन्यांची वाढीव मुदत मिळाली होती, आणि त्याच धांदलीत राखीव ठेवलेली कोळशाची केंद्रंही पेटवली गेली. इथवर आतेभाऊ बरोबर. पण २०२३ मध्ये कोळशावरची वीज भरपूर घटली आणि देशात वापरलेल्या विजेपैकी निम्म्याहून जास्त वारा, ऊन वगैरेंतून आली. त्याला कारखान्यांची मंदी आणि शेजारी देशांकडून घेतलेली वीजही कारण होती, हे मात्र काका सांगणार नाहीत.

दोघांच्याही बोलण्यात न येणारी गोष्ट माझ्या घरापासून तासाभराच्या अंतरावर आहे. गार्त्सवायलरची लिग्नाइटची खाण. कठड्याशी उभं राहिलं की खाली जमिनीचे पायऱ्यांसारखे थर दिसतात, पिवळे, करडे, आणि तळाशी तपकिरी कोळसा. त्यावर सुमारे पंचाण्णव मीटर उंचीचं खोदणारं चाकाचं यंत्र चाललेलं असतं आणि वरून ते खेळण्याएवढं वाटतं. या खड्ड्यासाठी इमराट गावातलं जुनं दगडी चर्च २०१८ मध्ये पाडलं. जानेवारी २०२३ मध्ये ल्युत्सराट हे गाव पोलिसांनी आंदोलकांना उचलून उचलून रिकामं केलं. हवामानाचे धडे जगाला देणाऱ्या देशात हे घडलं. ऑफिसात कोणी मला दिल्लीच्या धुरावरून छेडलं की मी त्यांना रविवारी तिकडे फिरून यायला सुचवते. वर्षाचा दरडोई कार्बन त्यांचा सात टनांच्या आसपास, आपला जेमतेम दोन.

तरीही एक गोष्ट मी या लोकांकडून उचलीन. २०२० मध्ये त्यांनी कोळसा सोडण्याचा कायदा केला, उशिरात उशिरा २०३८ ही मुदत घातली आणि कोळशावर जगणाऱ्या प्रदेशांसाठी ४० अब्ज युरोंची तरतूद केली. आमच्या ऱ्हाइनच्या पट्ट्यात तर मुदत २०३० वर आणली. पैसा नीट खर्च होतोय का, यावर इथेही तंटे आहेत. इमराटच्या लोकांना त्याच नावाचं नवं गाव बांधून मिळालं, तरी म्हातारी माणसं जुन्या गावासाठी हळहळतातच. पण गाव मिळालं. कोयनेच्या धरणग्रस्तांची नातवंडं अजून पुनर्वसनासाठी धरणं धरतात.

आपल्याकडे अणुऊर्जा हवी की नको यावर रात्री जागतात. चंद्रपूरचं काय, हे कोणी विचारत नाही. २९२० मेगावॉटचं औष्णिक केंद्र, भोवती खाणी, राख, ट्रक, टपऱ्या आणि कंत्राटी कामगार. मला जैतापूर नको आहे, हे लपवत नाही; किनाऱ्यावरची मासेमारी मोडून मिळणारी वीज मला महाग वाटते. पण जैतापूर होवो न होवो, चंद्रपूरचा कुठला संच कधी थांबणार आणि त्या दिवशी तिथला फिटर कुठे जाणार, हे आधी कागदावर यायला हवं. देशाने नेट झिरोसाठी, म्हणजे जेवढा कार्बन सोडू तेवढा शोषला जाण्यासाठी, २०७० साल सांगितलंय. आमच्या मामेभावाचा मुलगा चंद्रपूरला आयटीआय करतोय. २०७० च्या आधीच तो निवृत्तीच्या वयाचा होईल, तेव्हा त्या सालाचा त्याला काय उपयोग? त्याला मधली सालं हवी आहेत. ग्रुपवर मी हे लिहिलं. काकांनी नमस्काराचा इमोजी टाकला, आतेभावाने फ्रान्सच्या अणुवीजकेंद्रांचा व्हिडिओ.