स्मृतिदिन कसा उरकावा

परवाच्या 21 ऑक्टोबरला आमच्या तालुक्याच्या गावी पोलीस स्मृतिदिनाचा कार्यक्रम झाला. इतका यशस्वी झाला की पुढल्या वर्षी तुम्हालाही करावासा वाटेल. तेव्हा अनुभवाचे चार बोल.

पहिलं काम फ्लेक्सचं. वर दादा, मध्ये भाऊ, कडेला सगळी युवा शाखा. जागा उरलीच तर कोपऱ्यात हुतात्मे. श्रद्धांजलीच्या फ्लेक्सखाली ‘शुभेच्छुक’ लिहायला लाजू नका. आमच्याकडे कोणी लाजलं नाही.

पत्रिकेत वेळ सकाळी नऊची छापा. पाहुणे अकराच्या पुढे उगवतील, तोवर शाळेची पोरं उन्हात उभी करून ठेवा.

भाषणाआधी चुकूनही काही वाचू नका. आमच्या पाहुण्यांनी ‘1962 च्या युद्धातल्या पोलीस वीरांना’ वंदन केलं. आता हा दिवस 1959 मधला, लडाखात हॉट स्प्रिंग्जजवळ चिनी सैनिकांनी केलेल्या गोळीबारात केंद्रीय राखीव पोलीस दलाचे 10 जवान गेले त्याचा, युद्धाला अजून तीन वर्षं होती, पण टाळ्या पडल्या ना? मग झालं. पुढे त्यांनी तुकाराम ओंबळे यांच्याकडून कसाबवर गोळ्या झाडून घेतल्या. अहो, त्या माणसाच्या हातात लाठी होती! गिरगाव चौपाटीपाशी त्यांनी एके-47 ची नळी धरून ठेवली, गोळ्या अंगावर घेतल्या, म्हणून तो जिवंत सापडला. अशोकचक्र काय उगाच मिळतं? असो. सूचना द्यायला बसलोय.

हार मोठा घ्या. फोटोत दिसतो.

आता जखमी पोलीस. त्यांना बोलवा, पण बसवू नका. आमच्या वाडीतले एक हवालदार गणपतीच्या बंदोबस्ताला भोस्ते घाटात उभे होते. एका चाकरमान्याच्या गाडीने उडवलं, पायात सळई पडली. पुढच्या खुर्च्यांवर ‘राखीव’च्या चिठ्ठ्या, त्यामुळे हवालदार काठी टेकून भिंतीशी. मी खुर्ची मागितली तर बिल्लेवाला पोरगा म्हणाला, “काका, ते शहीद नाहीत ना, नुसते जखमी आहेत.” नुसते! मेला असता तर पहिल्या रांगेत बसवला असता काय रे? नाव यादीत शेवटचं, मग ‘वेळेअभावी’ शाल-श्रीफळ घरपोच देण्याचं ठरलं. अजून आलेलं नाही. हवालदार मलाच समजावतात, “ऱ्हाऊ दे रे, उगाच आवाज नको करू.” त्यांना घोर ऑपरेशनच्या बिलाचा. ते बिल टेबलाटेबलावर फिरतंय आणि दर वेळी नवी त्रुटी घेऊन परत येतंय. मूळ पावती जोडा. जोडली. सहीवर शिक्का नाही. आणला. आता औषधांच्या त्या गुळगुळीत पातळ पावत्यांवरची शाईच उडालीय, तर साहेब म्हणतात, रक्कम दिसत नाही, मंजूर कशी करू? पावती कोरी होईपर्यंत फाईल कोणी दाबून ठेवली होती, ते नाही दिसत?

एक मिनिट स्तब्धता ठेवा. वीस सेकंदांत उरका, वडापाव गार होतो.

आणि तुम्ही, वाचून हसताय ते. घाटात रांग लागली की उजवीकडून गाडी घुसवणारे तुम्हीच. शिटी मारली की काच खाली करून “ओळखतोस का मला?” विचारणारे तुम्हीच. घरी आरतीला बोटभर उशीर चालत नाही तुम्हाला, आणि ज्याच्या घरी गणपती असून तो तुमच्या गाड्या सोडत पावसात उभा राहतो, त्याला ‘चहापाणीवाला’ म्हणता. घेतात काही जण, माहीत आहे मला. म्हणून याच्या पायावर गाडी घालायची? त्या गाडीवाल्याने थांबून पाहिलंसुद्धा नाही. तुमच्यातलाच होता तो. 21 तारखेला त्यानेही स्टेटसला मेणबत्ती ठेवली असेल. बंद करा ती नाटकं. कचेरीत कोणी ओळखीचं असेल तर उद्या हवालदारांबरोबर त्या टेबलासमोर जाऊन बसा, आणि बिलावर सही पडेपर्यंत उठू नका.