भेके ‘हाकलला’, अपुइया ‘पळाला’: मुंबई सिटीविषयी फिरणाऱ्या एका संदेशाला उत्तर

माझा भाचा तेरा वर्षांचा आहे आणि अंधेरीच्या मैदानावर मुंबई सिटी या फुटबॉल क्लबचा सामना असला की तो माझ्याबरोबर येतो. गेल्या रविवारी तो घरी आला तेव्हा त्याच्या जर्सीच्या पाठीवरील, मुंबईचा माजी मिझो खेळाडू अपुइया याच्या नावातील पहिली दोन अक्षरे गायब होती. नाण्याच्या कडेने त्याने ती खरवडून काढली होती आणि त्या जागी गोंदाचा काळपट, चिकट डाग उरला होता. “मामा, तो पैशासाठी पळाला ना? ग्रुपवर आलंय,” असे तो म्हणाला, तेव्हा तो संदेश मी मागून घेतला आणि शेवटपर्यंत वाचला.

मुंबईचा जुना खेळाडू बिपिन सिंग २०२५ मध्ये ईस्ट बंगालकडे गेल्यापासून हा संदेश पुन्हा जोरात फिरू लागला आहे. त्याचे म्हणणे थोडक्यात असे: मे २०२४ मध्ये आयएसएल (इंडियन सुपर लीग) चषक जिंकणारा संघ मालकांनी त्याच उन्हाळ्यात विकून पैसा केला, स्टुअर्ट, डियाझ, नोगेरा, अपुइया या सर्व खेळाडूंना विकले, राहुल भेके या मराठी कर्णधाराला हाकलून दिले, ईशान्येकडची मुले पैशासाठी येतात आणि पैशासाठीच जातात, आणि बंगळूरूने पुढच्या हंगामात केलेला ५-० असा पराभव हा या सगळ्याचा पुरावा आहे.

ग्रेग स्टुअर्टचे नाव या यादीत घालणाऱ्याने तो अंतिम सामना पाहिला होता का, असा प्रश्न पडतो. स्टुअर्ट जानेवारी २०२४ मध्येच, हंगामाच्या मध्यावर, मुंबई सोडून स्कॉटलंडला परतला होता. ४ मे २०२४ रोजी कोलकात्याच्या सॉल्ट लेक मैदानावर झालेल्या सामन्याची लीगची अधिकृत नोंद कोणालाही उघडून पाहता येते. मोहन बागानच्या कमिंग्सने पहिला गोल केल्यानंतर मुंबईकडून डियाझ, बिपिन आणि व्होयटस यांनी गोल केले आणि सामना ३-१ असा जिंकला. त्या संघात स्टुअर्टचे नावच नाही. जो खेळाडू चषकाच्या चार महिने आधी गेला, त्याला चषकानंतर विकणार कसे?

‘विकले’ हा शब्दही यादीतील बहुतेकांच्या बाबतीत चुकीचा आहे. भेके, डियाझ आणि नोगेरा यांचे करार हंगामाबरोबर संपले होते, आणि करार संपलेला खेळाडू दुसऱ्या क्लबकडे गेल्यास जुन्या क्लबच्या हाती एक पैसाही पडत नाही. त्यांना थांबवून घेतले नाही म्हणून क्लबला दोष द्यायचा असेल तर अवश्य द्यावा, पण त्यांच्यावर कोणी पैसा कमावला असे म्हणू नये. प्रशिक्षक पेत्र क्रात्की यांना ‘नवखा’ म्हणून हिणवणारे वाक्यही संदेशात आहे. आधीचे प्रशिक्षक डेस बकिंगहॅम इंग्लंडमधील ऑक्सफर्ड क्लबकडे गेल्यावर डिसेंबर २०२३ मध्ये अर्धवट हंगामात संघ हाती घेऊन पाच महिन्यांत चषक जिंकणाऱ्या माणसाविषयी याहून अधिक लिहिण्याची गरज मला वाटत नाही.

मला खरी चीड आली ती मराठी मुलगा आणि ईशान्येकडची मुले अशा वाटणीची. भेके आणि अपुइया यांच्या तारखा मी भाच्याला एका कागदावर शेजारीशेजारी लिहून दाखवल्या. भेके २०२१ मध्ये बंगळूरूहून मुंबईत आला आणि २०२४ मध्ये गेला. अपुइया २०२१ मध्ये नॉर्थईस्ट युनायटेडकडून आला आणि तोही २०२४ मध्येच मोहन बागानकडे गेला. दोघांनी तेच तीन हंगाम काढले, २०२२-२३ ची शील्ड (साखळीत अव्वल राहणाऱ्या संघाला मिळणारी) आणि २०२४ चा चषक दोघांनी एकत्र जिंकला, आणि एकाच उन्हाळ्यात दोघांनी निरोप घेतला. तरीही एकाला ‘हाकलला’ आणि दुसरा ‘पळाला’, असे लिहिताना लिहिणाऱ्याने आडनावाखेरीज दुसरे काय पाहिले असेल? भेके मुंबईचा आहे याचा मलाही अभिमान आहे, आणि २०२२ मध्ये आशियाई चॅम्पियन्स लीगमध्ये इराकच्या एअर फोर्स क्लबविरुद्ध त्याने हेडरने केलेला विजयी गोल मी विसरणार नाही. परंतु तो बंगळूरूला गेला म्हणजे आपल्या जुन्या क्लबकडे परतला. २०१९ मध्ये बंगळूरूला चषक मिळवून देणारा, अंतिम सामन्यातील जादा वेळेतला एकमेव गोल त्यानेच केला होता, आणि तोही आपल्या अंधेरीच्या मैदानावर.

ईशान्येकडच्या मुलांनी मुंबईला काय दिले, हे बिपिन सिंगच्या खात्यात पाहावे. मणिपूरचा हा खेळाडू २०१८ पासून सात हंगाम मुंबईसाठी खेळला. मार्च २०२१ मध्ये फातोर्ड्याला सामना १-१ असा अडला असताना नव्वदाव्या मिनिटाला गोल करून क्लबला पहिला आयएसएल चषक त्याने मिळवून दिला, आणि २०२४ च्या अंतिम सामन्यात मुंबईला २-१ अशी आघाडी देणारा गोलही त्याचाच होता. त्याच वर्षी उपांत्य फेरीच्या पहिल्या सामन्यात गोव्याविरुद्ध नव्वदाव्या मिनिटापर्यंत ०-२ असे मागे असताना मिझोरमच्या छांगटेने दोन आणि विक्रम प्रतापने एक गोल करून सामना ३-२ असा फिरवला नसता, तर संघाला अंतिम फेरी गाठणे फार कठीण झाले असते. ज्यांनी हे दोन्ही चषक घरी आणले, त्यांना पैशाचे लोभी म्हणणारे वाक्य तेरा वर्षांच्या मुलांच्या ग्रुपवर फिरते, याचे मला अतिशय दुःख झाले.

आता बंगळूरूच्या त्या पाच गोलांविषयी. २९ मार्च २०२५ चा तो बाद फेरीचा सामना लाजिरवाणा होता आणि शेवटचा गोल आपल्याच जुन्या डियाझने केला, हे मी नाकारत नाही. परंतु त्याआधी अठराच दिवस, ११ मार्चला, याच संघाने त्याच कांतीरवा मैदानावर त्याच बंगळूरूला २-० असे हरवून सहावे स्थान आणि बाद फेरी मिळवली होती, हे संदेशात कोठेही नाही.

तरीही त्या संदेशात अर्धे सत्य आहे, आणि ते मला नाइलाजाने मान्य करावे लागते. आदल्या हंगामात २२ सामन्यांत ४७ गुण मिळवणाऱ्या संघाला नव्या हंगामात २४ सामन्यांत ३६ गुणच मिळाले. कर्णधार, मुख्य आघाडीपटू आणि मधल्या फळीतील दोन आधार एकाच उन्हाळ्यात जाऊ देणे ही क्लबची चूकच होती. नवा आघाडीपटू कारेलिसने गोल केले. गोव्याहून आलेल्या ब्रँडन फर्नांडिसचा पास आजही डोळ्यांना सुखावतो, पण चेंडू हिसकावून घेण्याचे अपुइयाचे काम हा त्याचा पिंड नव्हे. अपुइयाने मात्र एप्रिल २०२५ मध्ये जमशेदपूरविरुद्ध भरपाई वेळेत लांबून गोल करून मोहन बागानला अंतिम फेरीत नेले. त्या हंगामात अंधेरीत मधल्या वर्तुळात चेंडू गेला की तो परत मिळवायला फार वेळ लागे. त्याचा जाब विचारायचाच असेल तर क्लबला विचारावा.