आधी सांगा, ठरवायचं काय आहे?

आज ऑफिसात 14 जणांना दीड तास एका मीटिंगमध्ये बसवून ठेवलं होतं. विषय काय, तर ऑर्डरी उशिरा का जातात. सुरुवात कशाने? "प्रत्येकाने सांगा, तुम्ही प्राणी असतात तर कोणता असतात!" म्हणे असं केलं की लोक खुलतात. अकाउंट्समधले एक काका, रिटायरमेंटला आलेले, मान खाली घालून "हत्ती" म्हणाले. मलाच कानकोंडं झालं.

14 गुणिले दीड म्हणजे 21 तास. एका माणसाचं अडीच दिवसांचं काम. आणि ठरलं काय? पुढच्या आठवड्यात परत बसायचं!

प्राणी आटोपल्यावर बराच वेळ कशावर गेला माहितीये? नव्या रिपोर्टमध्ये रखडलेल्या ऑर्डरी लाल दाखवायच्या की केशरी. पार्किन्सन नावाच्या गृहस्थांनी 1957 मध्येच हे लिहून ठेवलंय. समिती अणुभट्टीचा खर्च अडीच मिनिटांत मंजूर करते आणि सायकलींच्या शेडवर पाऊण तास घालते, कारण अणुभट्टी कुणालाच कळत नाही, शेड सगळ्यांना कळते. रंगही सगळ्यांना कळतो. डिस्पॅचला बसणारी मुलगी, जिला ऑर्डर नेमकी कुठे अडकते ते रोज डोळ्यांसमोर दिसतं, तिने तोंड उघडलं तेव्हा वेळ संपत आली होती. "छान मुद्दा आहे, ऑफलाइन घेऊ." झालं, विषय संपला. ज्या एका माणसाचं ऐकायला जमायला हवं होतं, ती तेवढी ऑफलाइन.

अशा वेळी मला हमखास पहिल्या नोकरीतले साहेब आठवतात. माणूस तापट आणि खवचट, कौतुकाचा शब्द तोंडातून निघायचा नाही. पण मीटिंग चालवावी तर त्यांनी. आदल्या दिवशी संध्याकाळी एक कागद फिरायचा. त्यावर "नवीन सिस्टिमबाबत चर्चा" असलं मोघम काही नसायचं, सरळ प्रश्न असायचा: नवीन सिस्टिम 1 तारखेला सुरू करायची की नाही? त्या दिवशी सगळे विभागप्रमुख होकार घेऊनच आले होते. साहेबांनी पहिल्यांदा विचारलं कुणाला, तर स्टोअर्समधल्या नुकत्याच लागलेल्या पोराला. तो चाचरत म्हणाला, "साहेब, त्याच दिवशी स्टॉकची मोजणी असते. मोजणी पुरी होईपर्यंत आकडे हलवता येत नाहीत." सगळे एकमेकांकडे बघायला लागले. तारीख पुढे गेली, मीटिंग तिथेच संपली. साहेब स्वतः नेहमी शेवटी बोलायचे. कुणीतरी कारण विचारलं तर म्हणाले, "मी आधी बोललो तर पुढचे सगळे माझंच वाक्य परत म्हणणार. मग तुम्हाला बोलावलं कशाला?"

आता मला सांगा, त्या पोराला कुणी प्राणी विचारला होता का? आपल्या बोलण्याने निर्णय बदलतो हे एकदा दिसलं, की माणूस पुढच्या वेळी आपणहून तयारी करून येतो. आणि आपण काहीही बोललो तरी वरून ठरलेलंच होणार हे कळलं, की तो कॅमेरा बंद करून मेल बघत बसतो. त्याला आळशी म्हणू नका, शहाणा आहे तो.

बरं, ठीक आहे. टीम नवीन असेल, लोक एकमेकांना ओळखत नसतील, तर दोन मिनिटं ओळखपाळखीला द्या. पण आम्ही वर्षानुवर्षं एकाच मजल्यावर बसतो हो!

दुसऱ्या महायुद्धात, 1944 मध्ये, अमेरिकेच्या ओएसएस या गुप्तचर खात्याने एक पुस्तिका काढली होती. शत्रूच्या ताब्यातल्या मुलखात साध्या माणसांनी गुपचूप घातपात कसा करावा याची. त्यात संस्थेचं कामकाज पोखरायचे उपाय दिलेत: प्रत्येक गोष्ट समितीकडे पाठवा, समिती जमेल तितकी मोठी ठेवा, असंबद्ध मुद्दे काढा, मसुद्यातल्या शब्दांवर घोळ घाला, मागच्या बैठकीत ठरलेलं पुन्हा उकरून काढा. त्या लोकांना हे मुद्दाम करायला शिकवावं लागलं. आमच्याकडे रोज फुकट होतंय, वर कॅलेंडर इन्व्हाइटही येतं.

चिडून लिहितेय, मान्य. खरं तर आज ज्याने मीटिंग बोलावली तो मुलगा वाईट नाही. बढती मिळाली, टीम मिळाली, पण मीटिंग कशी चालवायची हे त्याला कुणी शिकवलंय? कुठेतरी वाचलं असेल, प्राणी विचारा. त्याने त्याच्या परीने धडपड केली. बोलघेवड्या सीनिअरला मध्येच थांबवायचं कसं, हे त्याच्या वयात मलाही सांगता आलं नसतं. साहेब थांबवायचे. "हा मुद्दा कळला, आता यांना बोलू द्या." एवढंच, आवाज न चढवता. लागायचं ते, पण थांबायचे लोक.

त्यांचं एक जाडजूड रजिस्टर होतं. पट्टीने आखलेले तीन रकाने: काय ठरलं, कोण करणार, कधीपर्यंत. उठायच्या आधी ते मोठ्याने वाचून दाखवायचे. ज्याचं नाव येईल त्याने "हो" म्हणायचं. म्हटलं नाही तर पेन तसंच धरून त्याच्याकडे बघत राहायचे. आणि "आम्ही करू" चालायचं नाही. आम्ही म्हणजे कोण? नाव सांगा. आजच्या मिनिट्समध्ये काय आलंय बघा: "टीमने यावर लक्ष द्यावे." कुठल्या टीमने? लक्ष दिलं हे कळणार कसं? पुढच्या मीटिंगमध्ये विचारणार तरी कुणाला?

आणि ज्याचा मुद्दा संपला त्याला ते सरळ सांगायचे, "तुम्ही निघा, तुमचं काम झालं." आज उठून गेलं की लोकांना वाटतं, हिला टीमची पर्वा नाही.

कुणीतरी म्हणेलच, "सगळं मेलवर होत नाही गं." नाहीच होत. वाईट बातमी समोर बसून सांगावी, दोन विभागांचं भांडण समोरासमोरच मिटवावं. पण मी काय केलं, माझ्या टीमने काय केलं, ही आकडेवारी एकामागून एक वाचून दाखवायला माणसं कशाला गोळा करायची? चार ओळी लिहून पाठवा, ज्याला हवं तो वाचेल.

उद्या सकाळचं अजून एक निमंत्रण येऊन पडलंय. नाव "सिंक-अप", आत एक ओळ नाही. मी उत्तर पाठवलंय: काय ठरवायचंय ते कळवा, माझी गरज असेल तर नक्की येते. अजून तरी उत्तर नाही.

कमेंटमध्ये "आमच्याकडेही सेम" एवढंच लिहू नका, ते मला माहीत आहे. तुमच्याकडे कुणी मीटिंग धड चालवत असेल, तर ते नेमकं काय करतात तेवढं लिहा. त्या मुलाला पाठवते.