खुलासा : ताजं कोंबडीखत झाडाला घालू नका

‘कोंबड्यांची ताजी विष्ठा थेट वांग्याच्या बुडाशी घाला’ हा मीच टाकलेला मेसेज जुळे सोलापुरातल्या ग्रुपवर फिरतोय. तो चुकीचा आहे, चूक माझी. ताज्या विष्ठेत नत्र फार. अमोनियानं मुळं करपतात. माझ्या ४ वांग्यांची पानं कडेनं तपकिरी होऊन कुरकुरीत झाली. आधी मी सोलापूरच्या उन्हालाच बोल लावला, पण खत न घातलेलं शेजारचं झाड हिरवंगार! पालापाचोळा मिसळून, ओलसर ठेवून, ३-४ महिने कुजवायचं. उग्र भपका जाऊन मातीचा वास आला की घालायचं. मेथी-कोथिंबिरीला तर ताजं नकोच, साल्मोनेलासारखे जंतू पानांवर येऊ शकतात. जुना मेसेज पुढे पाठवू नका. पाठवला असेल तर त्याखाली हा टाका.