‘फोन बोलतो, मग ब्रेल कशाला?’

शिक्षकांच्या व्हॉट्सॲप गटांत हा युक्तिवाद वरचेवर फिरतो: फोन आता सगळं वाचून दाखवतो, तेव्हा अंध मुलांना ब्रेल शिकवणं म्हणजे वेळ घालवणं. शाळेला एक टॅब द्या, वर्गशिक्षकाला दोन दिवसांचं प्रशिक्षण द्या, विशेष शिक्षकाचं पद वाचेल. यात थोडं खरं आहे, म्हणून तर तो पटतो.

‘फोन सगळं वाचतो.’

सगळं नाही, युनिकोड (सगळ्या यंत्रांना कळणारी अक्षरांची प्रमाणित पद्धत) मजकूर वाचतो. शाळेतल्या जुन्या प्रश्नपत्रिका श्रीलिपी किंवा कृतिदेवसारख्या फाँटमध्ये असतील, तर डोळ्यांना मराठी दिसते. पण फाइलच्या पोटात रोमन अक्षरं आणि चिन्हं असतात, आणि स्क्रीनरीडर (पडद्यावरचा मजकूर मोठ्याने वाचणारं सॉफ्टवेअर) तीच बडबडतो. नुसती स्कॅन केलेली पीडीएफ त्याच्या लेखी चित्र. आधी कन्व्हर्टरने युनिकोड करायचं किंवा ओसीआर (चित्रातली अक्षरं ओळखून मजकूर बनवणं) काढायचं, मग रफार, जोडाक्षरं आणि आकडे मूळ पानाशी ताडून पाहायचे. ही शेवटची पायरी घाईत गळते, आणि मुलाचं गणित उत्तरात नव्हे, प्रश्नातच चुकतं. नकाशा आणि भूमितीची आकृती तर कुणीतरी उठावाची करून द्यावीच लागते. (असं रूपांतर करायला प्रकाशकाची परवानगी लागते, असं समजून अनेक जण थांबतात. अपंग व्यक्तींसाठी विनानफा रूपांतराची मुभा कॉपीराइट कायद्यातल्या २०१२च्या दुरुस्तीने दिली आहे.)

टॅबचंही तेच. मराठी आवाजाचा डेटा आधी उतरवून ठेवला नाही, तर नेट गेलं की टॉकबॅक (अँड्रॉइडचा स्क्रीनरीडर) मराठी मजकुरापाशी मुका होऊ शकतो. म्हणून वर्गात नेण्याआधी विमान मोडवर एक परिच्छेद वाचून घ्यावा. हिंदी आवाजावर भागवू नये. ‘चमचा’तला आणि ‘जहाज’मधला मराठी उच्चार त्याच्याकडे नसतो. इअरफोन एकाच कानात, दुसरा कान शिक्षकांसाठी.

‘ऐकलं काय, वाचलं काय, एकच.’

इथे मात्र ठाम नकार. ‘दिन’ आणि ‘दीन’, ‘सुत’ आणि ‘सूत’ वेगात ऐकताना वेगळे ओळखता येणं कठीण. भारती ब्रेलमध्ये (भारतीय भाषांच्या ब्रेलमध्ये) एका अक्षराच्या कप्प्यात सहा क्रमांकित टिंबांच्या जागा असतात: इ म्हणजे २-४ टिंबं, ई म्हणजे ३-५. वेलांटी वेगळी नसते. द, इ, न अशा तीन कप्प्यांत ‘दिन’ पूर्ण होतो आणि फरक बोटाखाली येतो. केवळ ऐकून शिकलेल्या मुलाला शब्द कुठे तुटतो, स्वल्पविराम कुठे आहे, हे दाखवणारं दुसरं काही नसतं. दहावीत दृष्टी गेलेल्या मुलाला आधी कीबोर्ड आणि एनव्हीडीए (हा स्क्रीनरीडर विनामूल्य आहे) शिकवणं शहाणपणाचं, हे मान्य. सहा वर्षांच्या मुलाला ते लागू नाही.

ब्रेल ‘जमत नाही’ असं म्हटलं जातं, तिथे बहुतेकदा शिकवण्यात खोट असते. टिंबांचे क्रमांक पाठ करून घेतले की मूल प्रत्येक कप्प्यावर बोट वरखाली घासून टिंबं मोजत बसतं. बोट हलकं ठेवून ओळीवर आडवं सरकायला हवं, अक्षराचा आकार एका स्पर्शात कळायला हवा. दोन टिंबांतलं अंतर जेमतेम अडीच मिलिमीटर, त्यामुळे दाबून वाचलं तर उलट कमी कळतं. ब्रेलच्या पाटीवर स्टायलसने (टोच्याने) लिहिताना टिंबं कागदाच्या मागून पडतात, म्हणून उजवीकडून डावीकडे, आरशातल्यासारखं लिहावं लागतं. हे सुरुवातीलाच लादण्यापेक्षा, ब्रेलर (ब्रेलचा टाइपरायटर) मिळत असेल तर त्यावर आरंभ करावा: सहा कळा, एक स्पेस, आणि लिहिलेलं लगेच बोटाखाली.

‘दोन दिवसांचं प्रशिक्षण पुरे.’

टॅब चालू-बंद करायला पुरे. पण मुलाला ब्रेल हवं, मोठा ठसा हवा, की दोन्ही, हे ठरवणं दोन दिवसांत येत नाही. अल्पदृष्टीच्या मुलाला कधी कधी तिरपा वाचनस्टँड, खिडकीकडे पाठ आणि ठळक काळी रेघ एवढ्यानेच वही वाचता येते. त्याच्या हाती टॅब देऊन आवाजावर ढकलणं म्हणजे उरलेली दृष्टी वापरण्याची सवय मोडणं.

शिवाय कायदा आहे. भारतीय पुनर्वास परिषद अधिनियम, १९९२च्या कलम १३नुसार नोंदणीशिवाय पुनर्वसन व्यावसायिक म्हणून काम करता येत नाही, आणि विशेष शिक्षक त्यातच मोडतो. शिक्षा एक वर्षापर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. सर्वोच्च न्यायालयाच्या २०२१च्या निकालानंतर केंद्र सरकारने २०२२मध्ये प्राथमिकला दहा आणि त्यापुढच्या वर्गांना पंधरा विशेष गरजांच्या विद्यार्थ्यांमागे एक विशेष शिक्षक, हे प्रमाण ठरवून दिलं.

या क्षेत्रात येऊ पाहणाऱ्या वर्गशिक्षकाने म्हणून क्रम असा ठेवावा: आधी कोणत्या अपंगत्वाचं काम करायचं ते ठरवावं, कारण पदविका नि पदवी त्या त्या अपंगत्वानुसार असतात. मग संस्था परिषदेच्या मान्यताप्राप्त यादीत, त्याच अभ्यासक्रमासाठी आणि त्याच वर्षासाठी आहे का, ते प्रवेशाआधी पाहावं. पूर्ण केल्यावर सीआरआर क्रमांक (परिषदेच्या केंद्रीय पुनर्वसन नोंदवहीतला नोंदणी क्रमांक) घ्यावा. आठवड्याच्या ऑनलाइन प्रमाणपत्राने माहिती वाढते, हा क्रमांक मिळत नाही.

‘टॅब घेतला की खर्च संपला.’

अनुदानातला टॅब डेडस्टॉक रजिस्टरात (शाळेच्या टिकाऊ वस्तूंच्या नोंदवहीत) चढतो. फुटला तर भरपाई कोण देणार, या धास्तीने तो मुख्याध्यापकांच्या कपाटात जातो आणि गृहपाठाच्या वेळी मुलाच्या हाती नसतो. पाटी आणि स्टायलस दप्तरातून घरी जातात.