‘सगळा प्रचारच होता’ म्हणणाऱ्यांना

‘समाजवादी देशांत मुलांसाठी काढलेले बाहुलीपट म्हणजे निव्वळ पक्षप्रचार. कलावंतांना मोकळीक शून्य, आणि बर्लिनची भिंत पडल्यावर त्यांना कुणी विचारलं नाही.’ हा मजकूर सध्या जो तो पुढे ढकलतोय. बाहुल्या वापरून केलेले हे चित्रपट मी माझ्या मुलीला मांडीवर घेऊन पाहिलेत, त्यामुळे गप्प बसवत नाही.

आधी प्रचाराचं. मॉस्कोच्या सोयुझमुल्तफिल्म या सरकारी अ‍ॅनिमेशन स्टुडिओत रोमान काचानोव यांनी १९६७ साली ‘वारेझ्का’ केला. वारेझ्का म्हणजे हातमोजा. एका लहानगीला कुत्र्याचं पिल्लू हवंय, आईला ते घरात नकोय. मग पोरगी आपला विणलेला लाल हातमोजाच बर्फातून ओढत हिंडते आणि त्याचं पिल्लू होतं. कुत्र्यांच्या शर्यतीत मोज्याचा धागा अडकतो आणि पिल्लाचा पुन्हा मोजा. घरी ती त्या मोज्यापुढे बशीत दूध ठेवते आणि आई ते बघते. सबंध पटात एकही संवाद नाही. इथे माझी मुलगी दर वेळी माझा हात घट्ट धरते. यात पक्ष कुठून आला?

काचानोव यांच्याच ‘शापोक्ल्याक’मध्ये (१९७४) कारखाना नदीत घाण पाणी सोडतो, आणि गेना नावाची मगर तो पाइप स्वतःच्या अंगानं बुजवते. सरकारी कारखान्यावरची ही टीका सरकारी स्टुडिओतूनच निघाली होती.

मोकळीक? इथे त्या मजकुरात थोडं तथ्य आहे, ते मी नाकारणार नाही. चेक कलावंत यिर्झी त्रन्का यांच्या ‘रुका’त (म्हणजे ‘हात’, १९६५) एका कुंभाराला फुलझाडांसाठी कुंड्या घडवायच्या असतात आणि एक प्रचंड हात त्याच्याकडून स्वतःचेच पुतळे मागत राहतो. त्रन्का १९६९ साली गेले, त्यानंतर या पटावर बंदी आली. सेन्सॉर खरा होता. पण त्याच्या नाकासमोर हा पट तयार झाला, हेही तितकंच खरं.

भिंत पडल्यावर कुणी विचारलं नाही, हा तिसरा मुद्दा तर साफ खोटा. पूर्व जर्मनीचा ‘झांडमेन्शेन’ हा मुलांना झोपवणारा बाहुला २२ नोव्हेंबर १९५९ला टीव्हीवर आला, पश्चिम जर्मनीचा स्वतःचा झांडमेन्शेन त्यानंतर काही दिवसांनी. पूर्वेचा बाहुला सैनिकांनाही भेटायला गेला, १९७८ साली पूर्व जर्मनीचे अंतराळवीर झिगमुंड येन यांच्याबरोबर अंतराळातही जाऊन आला. देश एक झाल्यावर तो बंद पडू नये म्हणून प्रेक्षकांनी आवाज उठवला. पश्चिमेकडचा थांबला, पूर्वेचा पांढऱ्या दाढीवाला अजूनही संध्याकाळी येतो आणि मुलांच्या डोळ्यांत झोपेची वाळू टाकून जातो.